इंजिनिअरिंगला आलात? स्पेशलायझेशन निवडायच्या आधी काय काय करायचं, एकेक पायरी

नवीन ॲडमिशन घेतलेली मुलं-मुली भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, "कुठलं स्पेशलायझेशन घेऊ, स्कोप कशाला आहे?" आणि हा प्रश्न पहिल्या महिन्यातच येतो, जेव्हा अजून एकाही विषयाची धड ओळख झालेली नसते. बऱ्याच विद्यापीठांत पहिलं वर्ष जवळपास सगळ्यांना सारखंच असतं, मग ब्रँचचे विषय सुरू होतात आणि खरं स्पेशलायझेशन तिसऱ्या वर्षाच्या आसपास निवडायचं असतं. म्हणजे हातात साधारण दोन वर्षं असतात. ती दोन वर्षं नुसती धास्तीत न घालवता कशी वापरायची, त्यासाठी हे लिहितेय. मी इलेक्ट्रिकलची, पुढे कंट्रोल (मशीन आपोआप हवी तशी कशी चालवायची ते शिकवणारी शाखा) घेतलं, त्यामुळे उदाहरणं तिकडची जास्त येतील पण पद्धत कुठल्याही ब्रँचला चालेल.

माझं म्हणणं एकच आहे, ते आधीच सांगून टाकते. विषयाचं नाव बघून निवडू नका. त्या विषयातला माणूस रोज कशात अडकतो ते बघा, आणि तसल्या अडकण्यात तुमचे तीन-चार तास कसे गेले ते कळत नाही का, हे तपासा. कारण इंजिनिअरिंगमधला बहुतेक वेळ हा काहीतरी चालत नाहीये आणि का चालत नाहीये ते कळत नाहीये, यातच जातो. चालायला लागल्याचा आनंद पाच मिनिटांचा असतो.

पायरी 1: पहिल्या वर्षी काहीही ठरवू नका, पण गणित पक्कं करा

पहिल्या वर्षी सगळ्यांना वाटतं की हे कॅल्क्युलस, मॅट्रिक्स, डिफरन्शियल इक्वेशन वगैरे पास होण्यापुरतं करायचं आणि पुढे "खरं इंजिनिअरिंग" सुरू होईल. तसं नाहीये हो. एक उदाहरण बघा. एक वजन स्प्रिंगला लटकवलंय आणि सोबत एक डॅम्पर, म्हणजे हालचाल शांत करणारा भाग, आहे, याचं समीकरण पहिल्या वर्षी मेकॅनिक्समध्ये येतं. मग सर्किट्समध्ये इंडक्टर, रेझिस्टर आणि कपॅसिटर एका ओळीत जोडलेलं सर्किट येतं आणि त्याचं समीकरण मांडलं की अगदी तेच निघतं, फक्त अक्षरं वेगळी. वजनाच्या जागी इंडक्टन्स, डॅम्परच्या जागी रेझिस्टन्स आणि स्प्रिंगच्या ताठरपणाच्या जागी कपॅसिटन्सचा व्यस्त. गाडीचं सस्पेन्शन, रेडिओतला फिल्टर, वाऱ्याने डोलणारी उंच इमारत, सगळीकडे हेच समीकरण फिरून फिरून येतं. ज्याला ते पहिल्या वर्षी नीट कळलं त्याला पुढे चार विषय निम्मे आधीच आलेले असतात आणि ज्याने ते पाठ केलं तो चारही वेळा नव्याने पाठ करत बसतो. मुख्य म्हणजे गणित पक्कं असेल तर तिसऱ्या वर्षी सगळे दरवाजे उघडे राहतात. कच्चं असेल तर निवड तुम्ही करत नाही, तुमचं कच्चं गणितच करतं.

वेळेचा अंदाज आधीच घ्या. युरोपातल्या विद्यापीठांत क्रेडिटची जी ईसीटीएस पद्धत आहे त्यात एका वर्षाचे 60 क्रेडिट आणि एका क्रेडिटला 25 ते 30 तास काम धरलेलं असतं, म्हणजे वर्षाला 1500 ते 1800 तास, आणि यात लेक्चर, लॅब, घरचा अभ्यास सगळं आलं. तुमच्याकडे क्रेडिटचा हिशोब वेगळा असेल पण मुद्दा तोच, पूर्ण वेळच्या नोकरीइतकं काम आहे. शेवटच्या तीन आठवड्यांत ते बसत नाही, कितीही जागलात तरी.

अभ्यास कसा करायचा यावर एकच गोष्ट सांगते, जी मला फार उशिरा कळली. सोडवलेली उदाहरणं वाचत बसलं की सगळं येतंय असं वाटतं. रॉडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये एक प्रयोग केला होता, काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला आणि काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने तपासलं तर आठवून लिहिणारे पुढे गेले. तर कोरा कागद घ्या, पुस्तक मिटा, उदाहरण सुरुवातीपासून सोडवा, जिथे थांबाल तिथे खूण करा आणि मगच पुस्तक उघडा. ग्रुपने अभ्यास करायला काहीच हरकत नाही, फक्त आधी अर्धा तास एकट्याने झगडून मग ग्रुपमध्ये बसा, नाहीतर ग्रुपमधल्या एकालाच येतं आणि बाकीच्यांना येतंय असं वाटतं.

आणि मागे पडलात तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच ट्युटोरियल घेणाऱ्यांकडे जा, प्रश्न घेऊन जा, "काहीच कळत नाही" असं म्हणत न जाता "या ओळीपर्यंत कळलं, इथून पुढे नाही" असं सांगा. एखादा विषय राहिला तर जग बुडत नाही, पण लपवून ठेवलात तर पुढच्या विषयांना नक्की नडतो, ते खाली येतंच आहे.

पायरी 2: लॅब गंभीरपणे घ्या

लॅब म्हणजे आधीच्या बॅचचा रिपोर्ट बघून आकडे भरायचे, असा समज खूप ठिकाणी दिसतो आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. कारण चार वर्षांत खरं काम कसं असतं ते तुम्हाला फक्त लॅबमध्येच दिसतं. रीडिंग घेतानाच युनिट लिहा, "नंतर लिहू" नाही. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान 1999 मध्ये मंगळाजवळ पोचून नष्ट झालं, कारण एका सॉफ्टवेअरने आकडे पाउंड-सेकंदात दिले आणि दुसऱ्याने ते न्यूटन-सेकंदात आहेत असं धरलं. तिथे काम करणारे लोक तुमच्या-माझ्यापेक्षा अनुभवी होते, तरीही झालं. रिपोर्ट त्याच संध्याकाळी लिहा, दोन दिवसांनी तो ग्राफ असा का वाकला ते आठवत नाही.

पायरी 3: अडकल्याची वही ठेवा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे. एक साधी वही घ्या. लॅबमध्ये, असाइनमेंटमध्ये, प्रोग्रामिंगमध्ये कुठेही अर्ध्या तासापेक्षा जास्त अडकलात की तारीख, विषय, कशात अडकलो, किती वेळ, आणि शेवटी एक ओळ: परत त्याकडे जावंसं वाटलं की सुटका झाल्यासारखं वाटलं. बस, एवढंच. मार्क लिहू नका. मार्क आणि ओढ या वेगळ्या गोष्टी आहेत, मला ज्या विषयात सगळ्यात जास्त मार्क होते त्याचं एकही पान वहीत "परत जावंसं वाटलं" असं नव्हतं.

माझ्या वहीतली एक नोंद सांगते. दुसरं वर्ष, ऑप-अँपची (सिग्नल मोठा करणाऱ्या चिपची) लॅब. 741 हा चिप, इन्व्हर्टिंग ॲम्प्लिफायर बांधायचा, 1 किलोओहम आणि 10 किलोओहमचे रेझिस्टर, म्हणजे गेन (आउटपुट इनपुटच्या किती पट) उणे 10. इनपुटला 100 मिलिव्होल्टचा साइन वेव्ह दिला की आउटपुटला 1 व्होल्टचा उलटा साइन दिसायला हवा. आमच्या ऑसिलोस्कोपवर मात्र वर 14 व्होल्टच्या आसपास चिकटलेली सरळ रेघ. पार्टनर म्हणाला चिप उडालाय, बदलला, तेच. सप्लाय तपासला, बरोबर. रेझिस्टर मोजले, बरोबर. बाकीच्यांचं आटोपलं, आम्ही तिथेच. मग एकेक वायर बोटाने धरून पिन मोजत गेले तेव्हा दिसलं की पिन 2 आणि पिन 3 ची अदलाबदल झालीय, फीडबॅक, म्हणजे आउटपुटकडून परत इनपुटकडे येणारी जोडणी, उणे इनपुटला जाण्याऐवजी अधिक इनपुटला गेलाय. वायर बदलली, साइन आला, पार्टनर बॅग उचलून निघाला. पण मला ते चुकलेलं सर्किट सोडवेना. मी वायर परत चुकीच्या जागी लावली आणि इनपुट हळूहळू वाढवत नेला, आणि दीड व्होल्टच्या जवळपास गेल्यावर ती सरळ रेघ एकदम फुटून चौकोनी वेव्ह झाली, वर 14 खाली उणे 14. तेच रेझिस्टर, तोच चिप, फक्त एक वायर इकडची तिकडे, आणि ॲम्प्लिफायरचा स्विच झाला! नंतर कळलं की याला श्मिट ट्रिगर म्हणतात आणि तो मुद्दाम बांधतात. लॅब असिस्टंटनी दिवे बंद करायला घेतले तेव्हा मी उठले. वहीत लिहिलंय, "3 तास 40 मिनिटं, परत जावंसं वाटलं." फीडबॅक या गोष्टीची गोडी मला तिथे लागली आणि पुढे कंट्रोल घेतलं त्याचं मूळ ते पान आहे.

पार्टनरला त्या दिवशी वैताग आला होता आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. तोच मुलगा त्याच सेमिस्टरला प्रोग्रामिंगच्या असाइनमेंटमध्ये एक मेमरीची चूक शोधत रात्रभर बसला आणि सकाळी खुशीत होता, मला त्या कामात अर्ध्या तासात झोप येते. तो सॉफ्टवेअरकडे गेला. दोघांनी मार्क बघून ठरवलं असतं तर बहुतेक उलट झालं असतं.

पायरी 4: प्रत्येक शाखेत माणूस कशात अडकतो, ते शोधा

माहितीपत्रकात सगळंच भारी वाटतं म्हणून मी इथे मुद्दाम अडकण्याची बाजू सांगते. पॉवरमध्ये लोड फ्लोचे हिशोब (कुठल्या लाइनमधून किती वीज जाते), फॉल्ट झाल्यावर कुठला रिले (विजेवर चालणारा स्विच) आधी सुटायला हवा, स्टँडर्ड काय सांगतं, असं काम असतं, चूक महाग आणि धोक्याची असल्यामुळे पद्धतशीर, सावध माणसाला ते जमतं. कंट्रोलमध्ये अर्धं आयुष्य मॉडेल आणि खरी मशीन जुळत नाहीत यात जातं, कागदावर स्थिर असलेली सिस्टीम प्रत्यक्षात थरथरते आणि मग घर्षण कुठे धरायचं राहिलं ते शोधा. सिग्नल प्रोसेसिंग आणि कम्युनिकेशनमध्ये प्रोबॅबिलिटी आणि लिनिअर अल्जेब्रा हेच रोजचं जेवण, नॉइजमधून सिग्नल काढायचा, बहुतेक काम स्क्रीनसमोर, सोल्डरिंगची आवड असेल तर हिरमोड होईल. एम्बेडेडमध्ये, म्हणजे उपकरणांच्या आत बसवलेल्या छोट्या कॉम्प्युटरच्या कामात, शेकडो पानांची डेटाशीट, एका रजिस्टरचा एक बिट चुकलाय आणि त्यामुळे बोर्ड दहा मिनिटांतून एकदा अडकतो, नेमकं तुम्ही बघत असताना अडकत नाही. व्हीएलएसआयमध्ये, म्हणजे चिप बनवण्याच्या शाखेत, नवीन मुलांना वाटतं डिझाइन करायचं, पण डिझाइन बरोबर आहे हे सिद्ध करण्यात, म्हणजे व्हेरिफिकेशनमध्ये, खूप मोठा वेळ जातो.

मेकॅनिकलला थर्मल घेतलं तर मेश (हिशोबासाठी वस्तूचे पाडलेले छोटे तुकडे) बारीक केली की उत्तर बदलतंय, मग खरं कुठलं, यात दिवस जातात, डिझाइनमध्ये टॉलरन्स (मापात किती फरक चालेल) आणि फटिग (पुन्हा पुन्हा ताण येऊन धातू तुटणं), मॅन्युफॅक्चरिंगमध्ये मशीनइतकाच माणसांशी संबंध. सिव्हिलमध्ये स्ट्रक्चर म्हणजे लोडची कॉम्बिनेशन आणि बांधकामाच्या नियमांचे कोड, आणि जिओटेक्निकल म्हणजे मोजक्या बोअरहोलवरून सगळ्या जमिनीबद्दल निर्णय घ्यायचा, म्हणजे अनिश्चिततेत शांत राहणारा माणूस पाहिजे. माझी एक मैत्रीण म्हणते की माती कधीच पुस्तकातल्यासारखी नसते आणि तिला नेमकं तेच आवडतं. बाकी शाखांचं मला आतून माहीत नाही, ते तुम्हीच विचारून काढा.

आता कसं शोधायचं? तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या जुन्या प्रश्नपत्रिका मिळवा. उत्तरं येणार नाहीतच, फक्त प्रश्न वाचा आणि बघा कुठले प्रश्न वाचून "हे कसं काढत असतील" असं वाटतं. प्राध्यापकांना विचारून वरच्या वर्षाच्या एका लेक्चरला मागे जाऊन बसा. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्ट रिपोर्टमधला "आलेल्या अडचणी" हा भाग वाचा, रिपोर्टमधलं सगळ्यात खरं तेच असतं.

पायरी 5: माणसांना बरोबर प्रश्न विचारा

"तुमची फील्ड कशी आहे?" असं विचारलं की "छान आहे, स्कोप आहे" एवढंच मिळतं. त्याऐवजी विचारा, "गेल्या मंगळवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय केलंत?" मग माणूस आठवून सांगतो की सकाळी दोन तास मीटिंग, मग एक टेस्ट फेल झालेली ती बघत बसलो, दुपारी डॉक्युमेंट लिहिलं. हे ऐकून तुम्हाला हेवा वाटला की कंटाळा आला ते बघा. असे तीन जण तरी गाठा, एक शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी, एक संशोधन करणारी व्यक्ती, आणि एक पास होऊन पाचेक वर्षं झालेली. एकाच सीनियरचं ऐकून ठरवू नका, त्याला एक सर आवडले नसतील आणि तुम्ही अख्खा विषय सोडून द्याल.

पायरी 6: शेवटून मागे या

ही पायरी रुक्ष आहे पण हिच्यावाचून फसलेली खूप मुलं बघितलीत. कागदाच्या उजव्या टोकाला शेवटच्या वर्षाचा तुम्हाला हवासा विषय लिहा आणि त्याला आधी कुठले विषय लागतात ते बाण काढत डावीकडे या. समजा डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग, त्याच्या आधी सिग्नल्स अँड सिस्टीम्स, त्याच्या आधी फूरिए आणि लाप्लास ट्रान्सफॉर्म, त्याच्या आधी कॉम्प्लेक्स नंबर. फायनाइट एलिमेंट (वस्तूचे छोटे तुकडे पाडून ताणाचा हिशोब करायची पद्धत) घ्यायचं असेल तर आधी स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स आणि लिनिअर अल्जेब्रा. बरेच विषय वर्षातून एकाच सेमिस्टरला शिकवले जातात, त्यामुळे मधला एक राहिला की नुसतं सेमिस्टर नाही, अख्खं वर्ष पुढे ढकललं जातं. दोन-तीन पर्यायांचे असे बाण काढलेत की दिसेल की दुसऱ्या वर्षाचे चार-पाच विषय सगळीकडे लागतात. तेच पक्के करा म्हणजे निर्णय सहा महिने लांबवला तरी काही बिघडत नाही.

आणि एक इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) आपल्या ब्रँचबाहेरचा घ्या, हे मी हट्टाने सांगते. पुढे इन्फॉर्मेशन थिअरी मांडणारा क्लॉड शॅनन मिशिगन विद्यापीठात शिकत असताना बूलचं लॉजिक, म्हणजे खरं-खोटं यांचं बीजगणित, एका तत्त्वज्ञानाच्या कोर्समध्ये शिकला, आणि पुढे एमआयटीत 1937 च्या मास्टर्स थीसिसमध्ये त्याने दाखवलं की रिलेची स्विचिंग सर्किट त्याच बीजगणिताने मांडता येतात. आजचं सगळं डिजिटल डिझाइन त्या मांडणीवर उभं आहे. तुमच्या बाबतीत एवढं मोठं काही होईलच असं नाही, पण आपल्या ब्रँचबाहेरचे लोक कसा विचार करतात ते कळतं.

पायरी 7: स्कोप, पगार, मित्र, मार्क

मित्र घेतोय म्हणून घेऊ नका, यावर जास्त काय लिहायचं. आवडते सर शिकवतात म्हणून घेऊ नका, सर एक सेमिस्टर शिकवतात, पण तुमचा शेवटचा प्रोजेक्ट कोण गाइड करणार आणि त्यांची लॅब चालू आहे का हे मात्र जरूर बघा.

नोकरीचा विचार करणं यात कमीपणा काहीच नाही. घरची जबाबदारी असेल, लवकर कमवायचं असेल तर ते उघडपणे हिशोबात धरा. फक्त क्रम असा ठेवा, आधी वहीवरून ज्यात तुम्ही टिकाल असे दोन-तीन विषय काढा आणि मग त्यातून नोकऱ्या बघून निवडा. उलट्या क्रमाने गेलात तर आज ज्याची हवा आहे ते घ्याल, पास होईपर्यंत हवा बदललेली असू शकते आणि तो विषय मात्र तुमच्याजवळ उरतो.

निवड म्हणजे तुरुंग नाही, हेही लक्षात असू द्या. लंडनचा मिलेनियम पूल जून 2000 मध्ये लोकांसाठी उघडला आणि माणसं चालायला लागल्यावर तो आडवा हलायला लागला. पूल हलला की चालणारे तोल सावरायला नकळत त्याच लयीत पाय टाकतात आणि त्यामुळे पूल अजून हलतो. दोन दिवसांत बंद करावा लागला, डॅम्पर बसवून 2002 मध्ये पुन्हा उघडला. बघा, पूल सिव्हिलवाल्यांचा, डॅम्पर मेकॅनिकलवाल्यांचे आणि हलण्याने हलणं वाढायचं हे चक्र म्हणजे तर शुद्ध फीडबॅक, आम्ही कंट्रोलवाले जे शिकतो ते. खऱ्या कामात शाखा अशा एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि माणसं इकडून तिकडे जातात.

पायरी 8: फॉर्म भरायचा दिवस

फॉर्म भरायच्या आठवडाभर आधी वही पहिल्या पानापासून वाचा, एका बैठकीत. "परत जावंसं वाटलं" अशा नोंदी कुठल्या विषयाच्या आहेत ते मोजा. मग प्रत्येक पर्यायापुढे दोन वाक्यं लिहा, हे का घेतोय आणि यातलं काय आवडणार नाहीये. दुसरं वाक्य लिहिता आलं नाही तर त्या पर्यायाची चौकशी अजून अपुरी आहे असं समजा. जागा मर्यादित असतील तर दुसरा पर्यायही इतक्याच मनापासून भरा, अनेकांना तोच मिळतो.

फॉर्म भरतानाच ऑफिसात विचारून घ्या की बदलायची शेवटची तारीख कुठली, ती वहीच्या नव्या पानावर लिहा आणि तोपर्यंत सगळी ट्युटोरियल स्वतः सोडवा, कॉपी नाही, कारण त्या थोड्या आठवड्यांतच कळणार असतं की इथलं अडकणं आपल्याला मानवतंय का. मी कंट्रोलची पहिली तीन ट्युटोरियल सोडवली तेव्हा धाकधूक होतीच. चौथ्यात एक सिस्टीम होती जी गेन वाढवला की डोलायला लागायची, तिच्यामागे दोन संध्याकाळी गेल्या, आणि मग वही उघडली तर बदलायची तारीख उलटून चार दिवस झाले होते.